येऊरचे पाहुणे त्यांच्या घरी: मे महिन्यातल्या कुमाऊँच्या पक्षीसहलीबद्दल

नेरुळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात चौघं: त्या, त्यांचे यजमान, सहावीतली मुलगी आणि एकाहत्तर वर्षांचे सासरे. दोन वर्षांपासून ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात, कर्नाळ्याला आणि ऐरोलीच्या खाडीत पक्षी बघायला जातात. मुलीची परीक्षा एप्रिलच्या शेवटी संपते. त्यानंतर निघणारी उत्तराखंडची एक मार्गदर्शित सहल त्यांना कोणीतरी सुचवली आहे. नऊ दिवस, कॉर्बेट, सातताल, पंगोट, बिनसर, मुन्सियारी आणि चोपता अशी सहा ठिकाणं, आणि पत्रकावर लिहिलंय, ‘१८० प्रजाती हमखास’. जावं का, सासऱ्यांना झेपेल का आणि तयारी काय करायची, असं त्यांनी विचारलंय.

ताई, जरूर जा. पण ही सहल घेऊ नका.

मी ठाण्याची. वीसेक वर्षं उन्हाळ्याच्या सुरुवातीला कुमाऊँत, म्हणजे उत्तराखंडच्या पूर्वेकडच्या भागात, लहान गट घेऊन जाते, त्यामुळे असा कार्यक्रम हाती आला की मी आधी त्यातल्या पहाटा मोजते. जंगलातला पक्षी उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत बोलतो, हलतो, दिसतो. मग ऊन चढतं आणि तो पानांत गडप होतो. संध्याकाळी पुन्हा तासभर जाग येते, पण पहाटेची सर त्याला नाही. तुमच्या कार्यक्रमात नऊ दिवस म्हणजे आठ रात्री आणि ठिकाणं सहा. म्हणजे पाच वेळा बाडबिस्तरा हलवायचा. बिनसरहून मुन्सियारी हा डोंगरातल्या रस्त्याने अख्खा दिवस आहे आणि मुन्सियारीहून चोपता त्याहून लांब. असल्या दिवशी चालक सकाळी सहालाच गाडी काढायला लावतो, कारण अंधार पडायच्या आत त्याला पोहोचायचं असतं आणि त्याचं बरोबरच असतं. आता पहाटा मोजा. पाच गाडीत गेल्या, एक परतीत गेली. उरल्या दोन.

माझा कार्यक्रम असा असता. पहिल्या दिवशी विमानाने दिल्ली, तिथून रात्रीच्या रेल्वेने काठगोदाम. पहाटे उतरून तासाभरात सातताल. तिथे तीन रात्री. पाचव्या दिवशी सकाळचं पक्षीनिरीक्षण उरकून, दुपारी गाडीने पंगोट. तिथेही तीन रात्री. आठव्या दिवशी पुन्हा सकाळ जंगलात घालवून संध्याकाळी काठगोदामहून रात्रीची गाडी, नवव्या दिवशी घर. दोनच ठिकाणं, सहा पूर्ण पहाटा आणि शिवाय पोहोचलेल्या दिवसाची अर्धी. मात्र पंगोटला जाताना वाटेत नैनिताल लागतं आणि मेमधल्या शनिवार-रविवारी तिथली कोंडी जीव नकोसा करते. त्यामुळे मधला प्रवास आठवड्याच्या मधल्या वारी येईल असं बघा. महाराष्ट्र दिनाला जोडून सुट्टी येत असेल तर तेही लक्षात घ्या.

बाकीची चार ठिकाणं का वगळली तेही सांगते. कॉर्बेट हे स्वतंत्र सहलीचं ठिकाण आहे. मेच्या उन्हात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते हे खरं, पण डोंगरपायथ्याच्या तराईची ती उष्णता सासऱ्यांना आणि मुलीला सोसवणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा आणि ढिकालाच्या विश्रामगृहात राहायला मिळेल असं आधीपासून बघा. मुन्सियारी या दिवसांत बसत नाही आणि बिनसरला जे बघायचं त्यातलं पुष्कळसं पंगोटला दिसतं.

चोपत्याचं मात्र मलाही वाईट वाटतं. केदारनाथ अभयारण्याच्या कडेची ती कुरणं, त्यात चोच खुपसून कंद उकरणारा मोनाल, वर तुंगनाथाच्या वाटेवर दगडांतून डोकावणारा पायका, सशाचा छोटा नातलग! मोनाल हा उत्तराखंडचा राज्यपक्षी. नराच्या अंगावर ऊन पडलं की हिरवा, निळा, जांभळा, तांबडा असे रंग पाघळत जातात आणि तो उडाला की पाठीवरचा पांढरा पट्टा चमकतो. पण चारधाम यात्रा अक्षय्य तृतीयेच्या आसपास सुरू होते, तुंगनाथाचं मंदिरही त्याच सुमाराला उघडतं, आणि मग ते रस्ते यात्रेकरूंचे असतात. पक्षी बघायला चोपत्याला जायचं तर त्याच्या आधी, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, बर्फ थोडं पायाखाली असताना. शाळेमुळे तुम्हाला ते यंदा जमणार नाही. मुलगी मोठी होईपर्यंत मोनाल कुठे जात नाही.

आता मुख्य गोष्ट. ती तुम्हाला पत्रकावर वाचायला मिळणार नाही.

येऊरला हिवाळ्यात तुम्ही जे पक्षी बघता त्यांतले कितीतरी पाहुणे आहेत. निळ्या टोपीचा कस्तुर आठवा, ज्याला आपण सगळे ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश म्हणतो. नराचं डोकं निळं, पोट विटकरी-नारिंगी, पंखावर पांढरा ठिपका. येऊरला तो सावलीतल्या फांदीवर मुकाट बसलेला असतो. खाली उतरून किडा उचलतो, पुन्हा वर जातो, आणि हिवाळाभर जवळजवळ काही बोलत नाही. राखी कोतवाल, नीलांग, शेंड्यांवरून ‘चि-विट’ करत फिरणारा हिरवट वटवट्या हेही असेच पाहुणे. ही मंडळी आपल्याकडे पोट भरायला आणि थंडी काढायला येतात. त्यांचं घर तिकडे, हिमालयाच्या उतारांवर आहे. मार्च-एप्रिलमध्ये ती निघतात. वर बांजाला, म्हणजे तिथल्या ओकाला, नवी पालवी फुटलेली असते, पालवीवर अळ्यांचा सुकाळ असतो, दिवस आपल्यापेक्षा मोठा असतो, म्हणजे पिल्लांना भरवायला तास जास्त मिळतात. एवढ्यासाठी मुठीत मावेल एवढा जीव अर्धा देश ओलांडतो.

मी सात-आठ वर्षं हा कस्तुर येऊर आणि तुंगारेश्वरला बघितल्यावर पहिल्यांदा मेमध्ये साततालला गेले. पहिल्याच सकाळी एका उंच चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, शेंड्यावरून स्वच्छ, गोल, तीन-तीन सुरांची शीळ ऐकू येत होती. थांबायची, पुन्हा तीच. मी दुर्बीण लावली आणि तो निळ्या टोपीचा कस्तुर निघाला. मान वर करून, गळा फुगवून, उघड्यावर बसून गात होता. इतकी वर्षं ज्याला मी अबोल, लाजरा पक्षी समजत होते तो घरी असा वागतो! मग तो तिथून पंख पसरून तरंगत दुसऱ्या झाडावर गेला आणि पुन्हा सुरू झाला. सोबतच्या लोकांना मी काही मिनिटं काही सांगूच शकले नाही. तेव्हापासून माझ्या सहली मी ह्याच एका गोष्टीभोवती बांधते. ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाने वसंतात कुमाऊँत जायचं ते आधी आपल्या ओळखीच्यांना त्यांच्या घरी भेटायला. नवे पक्षी वाटेत भेटतातच.

म्हणून ‘१८० हमखास’ या शब्दांवर माझा राग आहे. पक्ष्याची हमी कोणी देऊ शकत नाही. आकड्याच्या मागे लागलेला मार्गदर्शक तुम्हाला एका पक्ष्यासमोर तीन मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू देत नाही. सातताल-पंगोटला सहा-सात दिवसांत गटाच्या यादीत दीडशेच्या आसपास नावं येणं अवघड नसतं. पण ‘गटाच्या’ यादीत. एकाने ओझरता बघितलेला, दुसऱ्याने नुसता ऐकलेला, असे सगळे त्यात धरलेले असतात. तुमच्या सासऱ्यांनी दुर्बिणीतून नीट, डोळा आणि चोच दिसेल इतके बघितलेले पक्षी साठ झाले तरी सहल उत्तम झाली असं मी म्हणेन.

सातताल साधारण १,३७० मीटरवर आहे. तळी, बांज आणि चिडाचं मिश्र जंगल, ओढे. उंची मधली असल्यामुळे खालचे आणि वरचे दोन्हीकडचे पक्षी तिथे भेटतात. मेच्या सुरुवातीला स्वर्गीय नर्तक आलेले असतात. पांढरा नर लांब शेपटी फडकवत पाण्यावरून जातो तेव्हा ‘फीत उडाली’ असं मुलं हमखास ओरडतात. मोठा तांबट दिवसभर रडवेल्या सुरात हाका घालत असतो. आपल्या ‘टुक टुक’ करणाऱ्या तांबटाच्या दुप्पट लांब, पिवळी जाड चोच. लाल चोचीचे निळे मॅगपाय असतात. ते आपल्या टकाचोराचेच नातलग, पण शेपटी बघत राहावी अशी. साततालहून एक सकाळ चाफीच्या नदीकाठी नक्की घालवा. खळाळत्या पाण्यातल्या दगडांवर तपकिरी डिपर बसतो आणि चक्क पाण्याखाली चालत जाऊन किडे शोधतो. काळा-पांढरा ठिपकेवाला फोर्कटेल दिसतो. कवड्या धीवराहून पुष्कळ मोठा, डोक्यावर पिंजारलेला तुरा असलेला क्रेस्टेड किंगफिशर दिसतो. आणि तिथल्या दगडांवर शेपूट हलवणारा करडा धोबी दिसला तर त्याला ओळख दाखवा, तो हिवाळ्यात येऊरच्या ओढ्यावरही येतो.

पंगोट नैनितालच्या पलीकडे, सुमारे दोन हजार मीटरवर. किलबरीचा रस्ता दाट ओकांतून जातो. तिथले लोक ओकांना वेगवेगळ्या नावांनी ओळखतात: खाली बांज, त्याच्या वर तिलोंज आणि आणखी वर खरसू. ही नावं शिकून घ्या, कारण पक्षी त्यांच्याप्रमाणे बदलतात. ओकाच्या खोडावर शेवाळ असतं, नेचे असतात, खाली पाचोळ्याचा ओला थर असतो, आणि त्या थरात किडे. चिडाच्या जंगलात खाली नुसत्या सुकलेल्या सुया, ज्याला ते पिरूल म्हणतात. म्हणून गाडी चिडातून जाताना डोळा लागला तरी चालेल, ओक सुरू झाला की काच खाली करा.

पंगोटची एक पहाट कशी जाते ते सांगते. पाच वाजता गरम चहा. साडेपाचच्या आत रस्त्यावर, पायी. गाडी मागून येऊ द्या. अंधुक उजेडात उतारावरून कोकलास नावाच्या फेजंटची, म्हणजे रानकोंबड्याच्या नातलगाची, घोगरी बांग येते आणि दुसरा कोकलास समोरच्या कड्यावरून उत्तर देतो. वसंतात ही बांग ऐकू येतेच, पक्षी मात्र क्वचित दिसतो. रस्त्याच्या कडेला खलीज फेजंटची जोडी पाचोळा उकरत असते. ते तुम्हाला दिसतील. मग व्हिसलिंग थ्रश गाऊ लागतो. आपला शीळकरी कस्तुर आणि हा निळा व्हिसलिंग थ्रश जवळचे भाऊ, पण आपल्याची शीळ माणसासारखी, उनाड पोरासारखी वाटते. याची तशी नाही, अधिक विस्कळीत आणि टोकदार आहे. दोन्ही मनात शेजारी ठेवून ऐका. त्यानंतर तासभर इतके आवाज एकदम येतात की नवखा गोंधळतो. अशा वेळी मी गटाला दहा मिनिटं दुर्बिणी खाली ठेवायला लावते आणि एकच आवाज निवडून त्याचा माग घ्यायला सांगते. हे करून बघा. दहा मिनिटांत गोंगाटाची माणसं होतात.

पंगोटजवळच्या विनायक या जागेच्या बाजूला गवताळ, खडकाळ, तीव्र उताराचे डोंगर आहेत. तिथे चीर फेजंट राहतो. जगभरात धोक्यात आलेला पक्षी, आणि अशाच उतारांवर जगणारा; गवत फार माजलं तरी त्याला चालत नाही आणि फार चरलं गेलं तरीही. तिथल्या स्थानिक वाटाड्याशिवाय तो सापडणं कठीण. त्याच उतारांवर घुरड नावाचे बकरीसारखे प्राणी चरत असतात, आणि धोका वाटला की शिंकल्यासारखा आवाज करतात. नशीब असेल तर पिवळ्या गळ्याचा मार्टेन, मुंगसासारखा लांबट प्राणी, जोडीने रस्ता ओलांडतो. त्याला तिथे चुतरौल म्हणतात. मुलीला त्या परिसराची एक गोष्ट जरूर सांगा. हिमालयन क्वेल नावाचा एक छोटा, लाल चोचीचा लावा या डोंगरांत होता. त्याची शेवटची खात्रीची नोंद १८७६ सालची, नैनितालजवळच्या शेर-का-डांडा इथली. तो नामशेष झाला असं अजून जाहीर केलेलं नाही. ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून यादीत नाव आहे आणि लोक अजून शोधतात. मी दर वर्षी गवतात एकदा तरी त्याच्यासाठी बघते.

मार्गदर्शक कसा निवडायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत पण ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. फोन करून तीन-चार गोष्टी विचारा. गटात माणसं किती? आठाच्या वर असतील तर नको. ओकाच्या जंगलातल्या अरुंद रस्त्यावर मागच्याला काही दिसत नाही. सोबत गावातला स्थानिक वाटाड्या असेल का, आणि तो कोण? त्यांना नाव सांगता आलं तर समजा खरंच ठरवलेला आहे. एखाद्या सकाळी कोणाला बरं वाटत नसेल तर गटाचं काय होतं? आणि शेवटचं: पक्ष्यांचे आवाज स्पीकरवर वाजवता का?

या शेवटच्या प्रश्नाला ‘हो, त्याशिवाय पक्षी दिसत नाहीत’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. याचं कारण माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. खूप वर्षांपूर्वी मी एका सहलीत मदतनीस होते. म्होरक्याने एका नीलांगाचा आवाज वाजवायला घेतला, छायाचित्रकारांना जवळून फोटो हवा होता म्हणून. नर आला. त्याच्या चोचीत अळी होती. आपल्या हद्दीत कोणी दुसरा नर शिरलाय असं त्याला वाटत होतं, त्यामुळे तो डहाळीवरून डहाळीवर उड्या मारत त्या स्पीकरभोवती फिरत राहिला. वीस मिनिटं. अळी चोचीतच होती. घरटं पलीकडे रस्त्याच्या भिंतीतल्या भोकात होतं आणि आतून पिल्लांचा बारीक आवाज आम्हाला ऐकू येत होता. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, याची खंत अजून आहे. मे हा त्यांचा वीणीचा महिना. हिवाळ्यात एकदा वाजवलेला आवाज आणि मेमध्ये वाजवलेला आवाज यांत फार फरक आहे. माझ्या सहलीत स्पीकर येत नाही आणि घरट्याचा फोटोही कोणी काढत नाही. घरटं चुकून दिसलं तर नजर वळवून पुढे चालायचं, कारण आपण जिथे घुटमळतो तिथे कावळा आणि माकड नंतर येऊन बघतात.

साततालला आता खूप ठिकाणी ‘हाइड’ झाले आहेत: कापडाचा आडोसा, पुढे पाण्याचं भांडं आणि थोडं खाद्य, पक्षी चार हातांवर येतात. काही जण त्याला नाकं मुरडतात. मी सरसकट मुरडत नाही. तुमच्या सासऱ्यांसाठी एखादी दुपार तिथे खुर्चीत बसून घालवणं फार सुखाचं होईल. हसणारे कस्तुर, सिबिया, बुलबुल, सुतार सगळे आयते समोर येतात, आणि गावातल्या कुटुंबाला उत्पन्न मिळतं. फक्त आत जाण्याआधी बघा की पाणी रोज बदललेलं आहे का आणि जिवंत अळ्या दोऱ्याने बांधून ठेवण्यासारखे प्रकार नाहीत ना. एक दुपार. सकाळ नाही, सकाळ जंगलाची.

सासऱ्यांना झेपेल का? या दोन ठिकाणी, हो. दोन हजार मीटरला विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. त्रास वळणांचा होतो. त्यांना पुढची सीट द्या, निघण्याआधी हलकं खाऊ द्या, आणि डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी जवळ ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर लागतील त्याच्या दुप्पट सोबत न्या आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. मोठी रुग्णालयं खाली हल्द्वानीत आहेत, हे धरून चला. घडीचं छोटं स्टूल नक्की न्या. पक्षी बघताना चालण्याने माणूस थकत नाही, उभं राहण्याने थकतो. आणि मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेवा की आजोबा एका वळणावर बसतील आणि गट पुढे जाऊन परत येईल. माझा अनुभव असा की बसलेल्या माणसालाच जास्त दिसतं. एका आजींना असं बसवून आम्ही पुढे गेलो होतो; परत आलो तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की एक खलीज मादी पिल्लं घेऊन त्यांच्या चपलेजवळून गेली.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. १०×४२ मोठं दाखवते म्हणून लोक तिकडे वळतात, पण ओकाखाली उजेड कमी असतो. ४२ ला ८ ने भागलं तर सव्वापाच येतात, १० ने भागलं तर चारच्या जरा वर. भिंगातून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा हा मिलिमीटरमधला व्यास. मोठा म्हणजे चित्र उजळ. शिवाय आठच्या दुर्बिणीत हात कमी थरथरतो आणि पक्षी चटकन सापडतो. आजोबांना वजनाला हलकी ८×३२ चालेल. चौघांत निदान तीन दुर्बिणी हव्यात, नाहीतर पक्षी उडेपर्यंत पट्ट्याचीच ओढाताण होते. कपडे मळकट हिरवे-तपकिरी. पहाटे दहा अंशांच्या आसपास थंडी, दुपारी स्वेटर काढावा लागेल इतकं ऊन, आणि चार वाजता अचानक गारा: मेमध्ये हे एकाच दिवसात होतं, म्हणून रेनकोट पाठीवरच्या पिशवीत ठेवायचा, खोलीत नाही.

एका गोष्टीची मानसिक तयारी ठेवा. एप्रिल-मेमध्ये तिथे चिडाचं पिरूल पेटतं. काही वर्षी वणवे इतके असतात की दिवसचे दिवस धुरकट जातात आणि नंदादेवीची रांग दिसतच नाही. पाऊस पडून गेला की आभाळ एकदम धुऊन निघतं. हे कोणाच्या हातात नाही, आणि यासाठी मार्गदर्शकाला दोष देऊ नका.

जेवणाची काळजी नको. तिथली मडुव्याची भाकरी म्हणजे आपली नाचणीचीच, त्यामुळे सासऱ्यांना घरचं वाटेल. भट्टाची चुडकाणी, म्हणजे काळ्या सोयाबीनची आमटी, मागून घ्या. आणि मेमध्ये काफळं पिकलेली असतात, लाल, आंबटगोड, मोठी बी असलेली. रस्त्यावर पोरं पानाच्या द्रोणात विकतात. त्याच दिवसांत जंगलातून चार सुरांची एक हाक सारखी येत असते. तो इंडियन कुकू. कुमाऊँचे लोक म्हणतात, तो ‘काफल पाको’ म्हणतोय, काफळं पिकली. आपला पावश्या ‘पेरते व्हा’ म्हणतो तसंच. त्या हाकेमागे एका मायलेकीची फार करुण लोककथा आहे. ती मी इथे सांगत नाही, वाटाड्याच्या तोंडून त्याच जंगलात ऐका.

पावश्यावरून आठवलं. तुमच्या मुलीसाठी आत्तापासूनचा अभ्यास. आवाज ओळखणारं मर्लिन ॲप फोनवर घ्या, पण आधी कानाने अंदाज करायचा आणि मग ॲपला विचारायचं, हा नियम तिला घाला. ॲप चुकतं, आणि चूक पकडता आली की मुलांचा कान तयार होतो. निघेपर्यंत दहा आवाज पक्के करायचे: मोठा तांबट, निळा व्हिसलिंग थ्रश, इंडियन कुकू, पावश्याचा थोरला भाऊ लार्ज हॉक-कुकू, कोकलास, नीलांग, निळ्या टोपीचा कस्तुर, राखी कोतवाल, हिरवट वटवट्या आणि ग्रे-हूडेड वॉर्बलर. त्याहून जास्त नको.

आणि तिला एक वही द्या. पानाचे दोन भाग करायचे. डावीकडे येऊरला तो पक्षी शेवटचा कधी दिसला ती तारीख आणि तो काय करत होता, उजवीकडे कुमाऊँत पहिल्यांदा कधी दिसला आणि तिथे काय करत होता. आत्ता फेब्रुवारी आहे, पाहुणे अजून इथेच आहेत. दर रविवारी सकाळी सात वाजता पाटोणपाड्याच्या वाटेने हळू चाला. राखी कोतवाल तिथे उंच, सुकलेल्या फांदीवर बसतो, लालभडक डोळ्यांचा. डाव्या बाजूला पहिलं नाव त्याचं लिहायला सांगा.